सात जोती आणि मागल्या दाराची चौकट

मी पहिल्यापासनं फाटक्या तोंडाची. माझे मालक पलटणीत हवालदार, पर घरात मला भ्यायचे. ते गेले आन् मागं ठेवलं काय, तर सांगलीत कृष्णेच्या काठी एक प्लॉट आन् त्यावर गुडघ्याएवढं जोतं. विश्रामबागेत जागा परवडंना म्हणून बारा फौजींनी मिळून ही सोसायटी काढलेली. पाचांची घरं झाली. आमा सातांची नुसती जोतीच, कारण सिमेंट परमिटवर आन् परमिट सायबाच्या मर्जीवर.

चौऱ्याहत्तर साली चेअरमन भाऊसो सुभेदारांची नोटीस आली. तीन वर्सं हून गेली तरी ज्याचं घर उभं न्हाई त्याचा प्लॉट सोसायटी परत घेणार. हळदीच्या एका व्यापाऱ्याला सातही जागा मिळून वखार बांधायची हुती. रविवारी सकाळी पाहणी. खंडाळ्याचं सासरचं घर दिरानं कवाच बळकावलेलं, भाड्याच्या खोलीत दिवस काढत हुते. ही जागाबी गेली तर लेकीला घिऊन जायाचं कुठं? रडू न्हाई आलं मला, राग आला लय.

माझ्या जोत्याशेजारच्या घरातली धोंडुआक्का जतकडची, मेंढरांमागं फिरून वाढलेली. तिच्याफुडं जाऊन मी सुभेदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"गप गं चंद्रे," आक्का म्हनली. "वावरात घोंगडं आथरून तीन दगडांची चूल मांडली की आमचं घर व्हायचं. तुला तर जोतं हाय. चौकट उभी कर."

"चौकट काय आभाळातनं पडनार हाय?"

"माझ्या मागल्या दाराची काढू."

"आवं आक्का, डोस्कं फिरलं का? बसवलेली चौकट कोन उपटतं व्हय?"

"फुडली न्हाई उपटत, तिची पूजा झालेली असती. मागलीला कुनी नारळ फोडलाय? पोतं लावीन तिथं."

मी नगं नगं म्हणेपर्यंत तिच्या मालकानं पहार घातलीसुद्धा.

शनवारी जोतिबा सुतारानं चौकट माझ्या जोत्यावर उभी केली, दोन्ही अंगाला टेकू दिले. हळदकुंकू वाहिलं, आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला. भित म्हणून एक न्हाई, नुसती चौकट! घाटावर धुनं धुनाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत हुत्या. हसा म्हनलं.

रविवारी मी जोत्यावर चूल पेटवून बसले. सुभेदाराला काय काय सुनवायचं ते सगळं पाठ केलेलं. तो आला, मागं वही घिऊन कारकून आकाराम. चारी बाजू मोकळ्या, कुठनंबी वर चढता आलं असतं. पर सुभेदार वळसा घालून फुडनं आला. कुंकू बघून थांबला. बूट काढले, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, मान लववली आन् उंबऱ्यावर पाय न देता आत आला. मागनं आकारामबी तसाच. माझ्या तोंडातल्या शिव्या तोंडातच ऱ्हायल्या.

"बसा सुभेदार," एवढंच म्हनले. घोंगडं टाकलं, च्या दिला.

आकारामनं वही उघडून वाचलं, "प्लॉट नंबर नऊ. मोकळा."

सुभेदार खेकसला, "मोकळा? मग आत्ता उंबरा कुनाचा वलांडलास रं?"

आकारामनं वही मिटली. सुभेदारानं बाकीच्या सहा जोत्यांकडं लांबवर नजर टाकली, कप खाली ठेवला. "त्यास्नी सांग, म्हैन्याच्या आत चौकटी उभ्या करा म्हनावं. व्यापाऱ्याला मी बगतो."

जाताना त्याच दारातनं गेला. "येतो वैनी," म्हनला. घरातनंच मानूस असं म्हणून निघतं. मग मातर मी चुलीफुडं बसून हमसून हमसून रडले.

परमिट मिळालं शहात्तरला. दोन पावसाळं आक्काच्या मागल्या दाराला पोतं. वल लागून तिचं जोंधळं बुरसलं, पर बाईनं चकार शब्द काढला न्हाई. म्हणून सिमेंट आल्या आल्या नवी चौकट करून आदी आक्काच्या मागल्या दाराला बसवली, माझ्या भितींचं काम मागनं. "आदी तुझं बघ की," म्हणून आक्का भांडाया लागली. मीबी भांडले. आन् भांडता भांडताच तिथं मागल्या दाराला नारळ फोडला, म्हनजे ही चौकट आता तिला कुनासाठी उपटता यायची न्हाई.