मे सत्तरचा होज पाईप

लायल व्रोबेल आयुष्यभर विमा कंपनीत दावे नाकारत आला. निवृत्त झाल्यावर हात मोकळे राहिले तर सवय जाईल, म्हणून त्याने ओकलंड परगण्याच्या जुन्या दणकट गाड्यांच्या क्लबात परीक्षकपद घेतलं. खातं बॉनेटखालचं. इंजिनात किती घोडे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. रेडिएटरचा वरचा होज पाईप कुठून कसा वळतो, खालचा कोणत्या बाजूने पंपात शिरतो, पाईप आवळणाऱ्या क्लॅम्पच्या स्क्रूचं तोंड नियमाप्रमाणे ड्रायव्हरकडे आहे की चुकून बॅटरीकडे, आणि रबरावर पांढऱ्या अक्षरांत छापलेला महिना-साल गाडीच्या जन्माशी जुळतो की नाही, एवढंच तो बघे. न जुळल्यास गुण कापी. कापताना त्याचा चेहरा इतका दुःखी होई, की समोरच्यालाच त्याचं सांत्वन करावंसं वाटे.

त्याची स्वतःची गाडी सत्तर सालची, नारिंगी, बॉनेटवर काळे पट्टे. तिचे होज पाईपही त्याच काळच्या कारखान्यातले, खालच्यावर 'मे ७०' अशी मूळ अक्षरं. टोलिडोच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ते न वापरलेले सापडले, तेव्हा लायलचे डोळे भरून आले होते. डोरीन, त्याची बायको, सांगे की आपल्या लग्नातही तो इतका हेलावला नव्हता. पन्नास वर्षं पडून राहिलेलं रबर आतून बिस्किटासारखं झालं होतं, आणि खालच्या पाईपात जी स्प्रिंग असायला हवी तिचा गंजून चुरा झाला होता. ती स्प्रिंग नसली की पंपाच्या ओढीने पाईप चपटा होतो आणि पाणी फिरायचं थांबतं. पण गाडी कुठे चालायची होती? ती बंद ट्रेलरमधून यायची, गवतावर उतरायची, बक्षीस घ्यायची आणि ट्रेलरमध्ये चढायची.

घोटाळा केला थर्मन पेटवेने. डॉ. थर्मन म्हणजे साउथफिल्डचा निवृत्त दंतवैद्य. रोज गाडी चालवणारा, आणि रेडिएटरपुढे उघडउघड, मूळ गाडीत नसलेला विजेचा पंखा लावलेला. लायलने त्या पंख्यापायी दरवर्षी त्याचे गुण कापले होते. वसंतातल्या बैठकीत थर्मन उभा राहिला.

"माझी एक नम्र सूचना. यंदा वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत आपल्या क्लबाची रांग मुख्य परीक्षकाच्या गाडीने चालवावी. स्वतःच्या चाकांवर. जी चालत नाही ती गाडी दुसऱ्यांच्या गाड्या कशी तपासणार?"

"ऐका, ऐका!" गस मिखास ओरडला. गस लायलचा पट्टशिष्य. त्याला वाटलं, गुरूचा सन्मान होतोय. ठराव टाळ्यांत पास झाला. गाडी रांगेत नसेल तर मिरवणुकीच्याच संध्याकाळी होणाऱ्या निवडणुकीत लायलचं नाव पुढे येणार नाही, हेही त्यातच आलं.

लायल पेचात पडला. मूळ पाईप लावून ऑगस्टच्या उन्हात फर्नडेलहून पाँटियाकपर्यंत रांगत जायचं म्हणजे रबर फुटणार. नवा लावावा तर तारीख नाही, आणि तारखेवाचून लायल व्रोबेल म्हणजे कोण? पेन्शनवाला एक माणूस.

शेवटी त्याने नवा पाईप आणला, आत चकचकीत स्प्रिंग असलेला. बुटांचं पॉलिश चोळून त्याची लकाकी मारली आणि साचा कापून त्यावर 'मे ७०' छापलं. ऑइलपेंट फार ताजा दिसत होता. मग नातीच्या पेटीतला पोस्टर रंग वापरला, तर अक्षरं अगदी पन्नास वर्षांची दिसू लागली.

"लायल, हे तू दुसऱ्याच्या गाडीवर पकडलं असतंस तर?" डोरीन दारातून म्हणाली.

"हद्दपार केला असता."

"मग बरंय. स्वतःला कर आणि जेवायला ये."

मिरवणुकीच्या दिवशी वुडवर्डच्या दोन्ही कडेला घडीच्या खुर्च्या टाकून अर्धं मिशिगन बसलं होतं. लायल पुढे, शेजारी डोरीन, मागे क्लबाची रांग. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. लायलने तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर, दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखा निवांत. त्याला हायसं वाटलं.

हायसं फार वेळ टिकलं नाही. नाइन माइल रस्त्याच्या चौकात मागच्या एका गाडीने वाफ सोडली. टेन माइलच्या पुढे दुसरी, मग तिसरी. बॉनेट वर गेले आणि मालक शेजारी छाती काढून उभे राहिले. खुर्च्यांमधून टाळ्या पडल्या. बघणाऱ्यांना ठाऊक होतं: तापली म्हणजे अस्सल. कारण क्लबाच्या पत्रकात कधीकाळी लायलनेच लिहिलं होतं, 'खरी गाडी आपल्या काळासारखी तापते. जी तापत नाही तिच्या बॉनेटखाली काहीतरी दडलेलं असतं.' हे वाक्य लोकांनी टी-शर्टांवर छापून घेतलं होतं.

"व्रोबेल साहेब!" खुर्चीतून एक म्हातारा ओरडला. त्याच्या छातीवर तेच वाक्य होतं. "तुमची अजून थंडच?"

लायल हसला, पण मानेमागे घाम सुटला. इंजिन सोडून बाकी सगळं तापत होतं. त्याने काचा वर केल्या, गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबला. काटा जागचा हलेना.

"लायल, मी आत शिजतेय," डोरीन म्हणाली.

"थोडी कळ काढ. गाडी तापायला हवी."

"डॉक्टरकडे कोणाला नेऊ आधी, गाडीला की तुला?"

ट्वेल्व माइलच्या पुढे कोनीचं, म्हणजे इथल्या हॉटडॉगचं, दुकान आलं. "तुझ्यासाठी कोनी आणतो," असं म्हणून लायलने गाडी बाजूला घेतली. परतला तेव्हा एका हातात चिली घातलेली दोन कोनी होती आणि काखेत पावांच्या खोक्याचा पुठ्ठा. बॉनेट उघडून त्याने तो जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये सरकवला.

डोरीन बघतच राहिली. "हा पुठ्ठा आपण जानेवारीत लावतो, लायल. बर्फात. गाडी गारठू नये म्हणून."

"तू खा."

आता काटा उठला. चढला. लाल पट्ट्याला टेकला. थर्टीन माइलच्या अलीकडे, जिथे खुर्च्यांची गर्दी सर्वांत दाट असते तिथे, रेडिएटरच्या झाकणाने दगा दिला. हिरवं पाणी फुसकन उसळलं आणि नारिंगी गाडी पांढऱ्या वाफेत नाहीशी झाली. टाळ्या कडाडल्या. टी-शर्टवाल्यांनी शिट्या घातल्या. लायल वाफेतून बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा नुकतीच मुलगी उजवलेल्या बापासारखा होता. शेजारीच गसची गाडी धुमसत उभी होती. दोघांनी एकमेकांना मान लववली.

तेवढ्यात थर्मन आला. दर वर्षी तो एकटाच पाणी आणि फडकी घेऊन रांगेतल्या तापलेल्यांची सेवा करी, कारण दुसऱ्या कुणाची गाडी तिथवर धड पोचतच नसे.

"हात नको लावू, चटका बसेल," तो म्हणाला. "आधी निवू दे. मी पुसतो."

"नको, डॉक्टर, मी..."

पण थर्मनने ओलं फडकं खालच्या पाईपावर फिरवलंसुद्धा. मग फडकं उलटं करून पाहिलं. त्यावर 'मे ७०' उमटलं होतं, आरशात दिसावं तसं. पाईप कोरा काळा.

खुर्च्यांतून लोक बघत होते. इतकी वर्षं कापलेले सगळे गुण जणू एका क्षणात लायलच्या नावावर उलटे मांडले गेले.

थर्मनने आवाज चढवला. "अस्सल! वाससुद्धा सत्तर सालचा!"

टाळ्या पडल्या. मग तो हळूच म्हणाला, "बादलीत बघ."

बादलीत फडकी होती. एकावर 'ऑक्टो ६९', एकावर 'मार्च ७१', एकावर नुसतं 'जाने' आणि एक ओघळ.

"गसपण?" लायलने विचारलं.

"गस तर दर वर्षी. कसला रंग वापरतो कोण जाणे, माझ्या हाताला आठवडाभर राहतो." थर्मनने जाळीतून पुठ्ठा ओढून काढला. "तू कोनीवाल्याचा लावलास. गसचा पिझ्झाचा आहे. त्याला चीजही चिकटलंय."

"तू बोलला का नाहीस कधी?"

"मला विचारलं कोणी? तुम्ही फक्त माझा पंखा बघता."

संध्याकाळी पाँटियाकच्या बागेत बैठक झाली. लायलची गाडी टो ट्रकवर चढून आली होती. इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं होतं, आणि त्यामुळे तिची इज्जत आणखी वाढली होती. लायल एकमताने पुन्हा निवडून आला. आभाराच्या भाषणात त्याने नवा नियम सुचवला: यापुढे पाईपावरची तारीख फक्त डोळ्यांनी आणि हातभर अंतरावरून तपासावी, ऐतिहासिक रबराला स्पर्श करू नये. क्लबात इतक्या झटकन हात कधी वर झाले नव्हते. गसचे तर दोन्ही.

"आणि माझा पंखा?" मागून थर्मनने विचारलं.

"तो हातभर अंतरावरून दिसतो, डॉक्टर," लायल अतिशय दुःखी चेहऱ्याने म्हणाला. गुण कापले गेले.

घरी जायला गाडी नव्हती. थर्मननेच दोघांना आपल्या गाडीत घेतलं. डोरीन मागे पाय पसरून उरलेलं कोनी खात बसली. वुडवर्ड अजून तुंबलेला होता, आणि काटा मध्यावर ठाण मांडून होता. पंखा एका लयीत घुमत होता. लायल बराच वेळ तो आवाज ऐकत राहिला.

"काळा रंग दे त्याला," शेवटी तो पुटपुटला. "वर जुन्या रेडिएटरची पट्टी चिकटव. हातभरावरून कुणाच्या बापाला कळणार नाही. मी तर बघणारच नाही."

"लायल, मी जन्मभर नकली दात बसवले," थर्मन म्हणाला. "पण लोकांना जेवता यावं म्हणून."

मागून डोरीन खो खो हसली. लायलच्या गल्लीत गाडी थांबली, तो उतरला, आभार मानले, आणि जाता जाता सवयीने वाकून समोरच्या जाळीतून आत डोकावला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुझ्या वरच्या क्लॅम्पचं तोंड बॅटरीकडे आहे."