सासऱ्यांच्या गाडीतली हवा

टायपिंगच्या मास्तरांना सासऱ्यांकडून दोनच गोष्टी मिळाल्या होत्या. एक बायको आणि दुसरी जुनी मोटार. बायकोबद्दल ते चारचौघांत फारसं बोलत नसत. मोटारीचा विषय निघाला, की समोरच्याची पाऊण तास सुटका नसे. ‘यातला एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही,’ हे त्यांचं पालुपद.

काही बदललं नव्हतं म्हणूनच उन्हाळ्यात त्या मोटारीचा तवा व्हायचा. एकदा मेव्हणीकडे जेवायला निघाले असताना बायकोने अर्ध्या वाटेत गाडी थांबवायला लावली, खाली उतरली आणि मागून आलेल्या बसमध्ये जाऊन बसली. मास्तर घामाने निथळत पोचले, तेव्हा ती जेवून पंख्याखाली पेंगत होती.

“एसी बसवा, नाहीतर एकट्याने फिरा,” डोळे न उघडताच ती म्हणाली.

मास्तरांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री धिप्पाड, पण शब्द मोजून वापरणारा.

“एसी बसवायचा, पण दिसता कामा नये. डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही,” मास्तरांनी अट घातली.

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. “म्हणजे पोहायचंय, पण अंग भिजवायचं नाही.”

तरी गडी कामाला पक्का. त्याने कॉम्प्रेसर इंजिनाच्या कुशीत बसवला, गार हवेची पेटी डॅशबोर्डखाली दडवली आणि हवा जुन्या रेडिओच्या जाळीतून बाहेर काढली. दारांना नवं रबर लावलं. पाइपांसाठी इंजिनामागच्या पत्र्याला एक भोक पाडावंच लागलं. ते ड्रिल चालू असेपर्यंत मास्तर बाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. दाढ उपटताना आपण भिंतीकडे बघतो ना, तसे.

तीन आठवड्यांनी गाडी तयार झाली. चाचणीला मिस्त्री पुढे बसला. मागे बायको आणि तिची आई, म्हणजे मास्तरांच्या सासूबाई. रेडिओच्या जाळीतून गार वारा आला आणि बायकोच्या चेहऱ्यावर मास्तरांना लग्नाच्या वर्षीचं हसू दिसलं. त्यांना भरून आलं.

पण वीसेक मिनिटांत सगळे जांभया द्यायला लागले. काचांवर आतून वाफ धरली. मास्तर रुमालाने समोरची काच पुसत, मान तिरकी करून गाडी हाकू लागले.

“थांबवा,” मिस्त्री म्हणाला. “चौघं तीच तीच हवा ओढतोय. बाहेरची ताजी हवा आत यायला झडप हवी.”

“या गाडीला झडप नाही,” मास्तर ठामपणे म्हणाले.

मिस्त्री उतरला. समोरच्या काचेखालच्या पत्र्यावर त्याने बोटांनी टिचक्या मारल्या, वैद्याने पोट तपासावं तशा. मग पेचकसाने हळूच रंग खरवडला. मास्तरांच्या काळजाला घरं पडली. रंगाखाली लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा निघाला आणि त्याखाली वीतभर लांब झाकण. मिस्त्रीने बिजागरीला तेल सोडून डॅशबोर्डखालची एक अडकलेली दांडी ओढली. झाकण उघडलं. तो परत येऊन बसला आणि गाडी निघताच चाळीस वर्षांची धूळ, सुकी पानं आणि एक मेलेलं झुरळ मास्तरांच्या मांडीवर येऊन पडलं.

“मूळ गाडीत होतीच की,” मिस्त्री म्हणाला. “कोणीतरी मुद्दाम बुजवलीय.”

“माझ्या सासऱ्यांनी या गाडीला कोणाला हात लावू दिला नाही.”

“त्यांनीच बुजवली, जावईबापू,” मागून सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

“त्या झडपेतून वारा थेट डोक्यावर यायचा,” सासूबाई धूळ झटकत म्हणाल्या. “एकदा पुलावर त्यांचे केस उडाले. सगळे. मागच्या सीटवर येऊन पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबी आणली.”

बायको आईकडे बघतच राहिली. “बाबांचे केस खोटे होते? म्हणून ते झोपताना कानटोपी घालायचे?”

“सर्दीचं नाव पुढे करायचे.”

मास्तरांच्या डोक्यावर कानांच्या वर काही उगवत नव्हतं. माझ्या बाबांचे केस बघा, हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं ऐकलं होतं. आता त्यांनी आरशातून बायकोकडे पाहिलं. ती लगबगीने खिडकीबाहेर बघू लागली. मिस्त्रीला अचानक खोकला आला.

 मास्तरांनी एसी बारीक केला, झडप पूर्ण उघडली आणि गाडी पुढे काढली. काचा स्वच्छ झाल्या. वारा त्यांच्या टकलावरून मागे सासूबाईंपर्यंत जात होता.

“केसांशिवायच छान दिसायचे ते,” सासूबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. “सांगायचं राहून गेलं.”

बायकोने आईचा हात हातात घेतला. मिस्त्रीचं गॅरेज मागे पडलं, पण उतरायचंय असं तोही म्हणाला नाही.