स्वतःच्या मनाने बंद केलेल्या गोळ्या

मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरं दरवर्षी मला, सीनियर म्हणून, विचारतात, "सर, डॉक्टरांच्या संघटनेचं विद्यार्थी-सभासद व्हायचं का?" मुबश्शिरा त्यांना मुद्दाम माझ्याकडे पाठवते. ती माझ्याच वर्गातली, कॉलेजातल्या विद्यार्थी शाखेची सचिव. मी सांगतो, "व्हा. पण पहिल्या दिवसाचं सत्र संपेपर्यंत खुर्ची सोडू नका." का, असं कुणी विचारलं की पुढचं सांगावं लागतं, आणि सांगताना अजूनही मान वर होत नाही.

मी सभासद झालो तो फुकटच्या बॅगेसाठी आणि प्रमाणपत्रासाठी. त्या दिवशी नव्या सभासदांना दोन तास समजावणार होते, विद्यार्थ्याने काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही. मुबश्शिरा पहिल्या रांगेत लिहून घेत बसली होती. मी बॅग उचलली आणि कॅन्टीन गाठलं.

प्रमाणपत्र शेंद्र्याला, गावच्या घरी नेलं. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ते फ्रेम करून ओसरीत लावलं. त्यावर बारीक अक्षरात 'विद्यार्थी' लिहिलं होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडलं नाही. मला प्रवेश मिळाला तेव्हाच चौकात 'डॉ. विश्वजीत' असा फ्लेक्स लागला होता, आता तर कागदच आला. रविवारी गावी गेलो की ओसरीवर माणसं बसलेली असायची. 'मी अजून शिकतोय' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी बीपीचं मशीन काढून बसायचो. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटायचं ते.

शेजारच्या साळूकाकू सगळ्यांत आधी यायच्या. एका रविवारी त्यांचं बीपी एकशे वीस-ऐंशी आलं.

"एकदम नॉर्मल आहे काकू."

"मग ती गोळी कशाला खाऊ? लई गरगरतंय तिच्यानं."

"राहू द्या मग."

गोळी चालू होती म्हणून बीपी ताब्यात होतं, हे शाळकरी पोरालाही कळावं. मला कळलं नाही, कारण मी तपासत नव्हतोच, मिरवत होतो.

महिनाभराने आम्ही विद्यार्थी सरांच्या मागे मेडिसिनच्या वॉर्डात राउंडला होतो. सातव्या खाटेवर साळूकाकू होत्या. तोंड वाकडं झालेलं, डावा हात पांघरुणावर निपचित पडलेला. उशाशी त्यांचा मुलगा कडुबा उभा होता.

"बीपीच्या गोळ्या बंद का केल्या? कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

कडुबाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"कुणी नाय साहेब. तिनंच सोडल्या, तिच्या मनानं."

सर काकूंवर चिडले. मनाला येईल तसं वागता आणि मग आमच्याकडे धावता, म्हणाले. केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं, रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध बंद केले. साळूकाकूंनी धड असलेला हात कपाळाला लावला आणि बोबड्या जिभेने म्हणाल्या, "चुकलं बाबा माझं." मी तोंड उघडलं नाही. आम्ही आठव्या खाटेकडे गेलो.

दुपारी कडुबा व्हरांड्यात भेटला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "तुमचं नाव नाय घेतलं म्या. शिक्षण व्हायचंय अजून, उगं नुकसान नको." मग खिशातून काकूंच्या जुन्या गोळ्यांची पट्टी काढली. "ह्या परत चालू करायच्या का? तुम्ही म्हणसाल तसं."

मी तिथून जवळजवळ पळालो आणि मुबश्शिराला गाठलं. काय विचारलं असेल मी? "प्रकरण बाहेर आलं तर संघटना पाठीशी राहील ना?" एवढा मी निर्लज्ज.

सगळं ऐकून ती म्हणाली, "केसपेपरवर ती म्हातारी दोषी ठरलीय, यार. तिच्या पाठीशी कोण आहे?"

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. मग त्यांनी केसपेपर मागवून ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, वैद्यकीय विद्यार्थ्याच्या सल्ल्याने औषध बंद. खाली सही केली. माझ्याबद्दल वर कळवावं लागेल, म्हणाले. "आणि हे त्या बाईंना तू स्वतः सांग."

मी खाटेजवळ जाऊन सांगितलं. मी डॉक्टर नव्हतो काकू, अजूनही नाही. साळूकाकू एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मला सांगून काय करतू आता? वसरीवर बसत्यात, त्यान्ला सांग."

रविवारी सांगितलं. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. ओसरीवर पाच जण होते. त्यातल्या दोघांनी साळूकाकूंचं ऐकून आपल्याही गोळ्या बंद केल्या होत्या.