फेंगडोजीची चाल

पाहुण्याचं नाव वाचून विशाखाला आनंद झाला. कित्येक वर्षांत झाला नव्हता इतका. बहारीनमध्ये, मनाम्यातल्या मराठी मंडळाने परीक्षितला बोलावलं होतं. आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या संगणकी अ‍ॅनिमेशनपटांपैकी एक त्याचा, आणि त्या चित्रपटांचा आजवर टिकलेला प्रभाव या विषयावर तो बोलणार होता. पडदा आणि ध्वनीचं काम सनाबिसमधल्या ज्या कंपनीला मिळालं होतं, तिथेच विशाखा नोकरीला होती. परीक्षित तिचा आतेभाऊ. बावीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

ती अकरा वर्षांची असताना तो कुडाळजवळच्या त्यांच्या घरी कॅमेरा घेऊन आला होता. तिचे वडील दाजी सुतारकाम करत. माडावरून पडून मोडलेला त्यांचा पाय वाकडा जुळला होता. एक खांदा झुकवून, पाऊल बाहेर फेकत ते चालायचे. परीक्षितने त्यांना घरापुढच्या खळ्यात चालायला लावलं. पुढून, मागून, हळू, भराभर. अभ्यासासाठी हवंय, एवढंच म्हणाला. बहिणीचा मुलगा, म्हणून दाजी दुपारभर चालले आणि दोन दिवस पाय शेकत बसले.

पुढच्या वर्षी चित्रपट आला. त्यात फेंगडोजी नावाचं बदक होतं. तोच खांदा, तेच पाऊल, वळताना कमरेवर टेकलेला पंखसुद्धा तसाच. थिएटरात पोरं हसून लोळली. शाळेत विशाखाला सगळे ‘फेंगडोजीची’ म्हणू लागले, आणि दाजी दिसले की वाडीतली पोरं त्यांच्या मागे रांग लावून चालायची. वर्षभरात दाजी बहारीनला निघून आले, सित्र्याच्या एका दारं-खिडक्यांच्या कारखान्यात. कंपनीच्या बसमधून सगळे उतरले की शेवटी उतरायचे. ही सवय त्यांनी इथेच लावून घेतली, कारण चित्रपट इथल्या टीव्हीवरही लागला होता. विशाखाही शिकून पुढे त्यांच्याकडेच आली.

आता त्या चित्रपटाचं नाव कोणाला पटकन आठवत नाही. चाल मात्र राहिली. जाहिरातींत, गेममध्ये, उशिरा येणाऱ्याला पाठवायच्या स्टिकरवर. गेल्या वर्षी जिदहफ्सच्या बाजारात एक चिमुरडी दाजींच्या मागे तशी चालत आली. सहा वर्षांचीही नसेल. दाजींनी मागे वळून पाहिलं नाही. विशाखाने पाहिलं.

खळ्यातल्या चित्रीकरणाची एक कॅसेट परीक्षित त्यांच्याच घरी विसरला होता. विशाखाने ती केव्हाच लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती.

शुक्रवारी चार वाजता हॉल भरला. परीक्षितने तिला ओळखलं नाही. मॅडम, माईक जरा वाढवा, असं म्हणून तो मंचावर गेला. विशाखाने मनाशी एक ठरवलं होतं. त्याने दाजींचं नाव घेतलं, एकदा जरी, तर ती फाईल उघडणार नव्हती.

तो चांगला बोलला. संगणक किती मंद होते, एका दृश्याला रात्र कशी लागायची, तरी त्या चित्रपटांनी पुढच्या पिढीला हसायला कसं शिकवलं, असं सगळं. मग कोणीतरी फेंगडोजीबद्दल विचारलं.

“तीन महिने मी एका तळ्याकाठी बसून होतो,” परीक्षित म्हणाला. “बदकं बघत. ती चाल मला तिथे सापडली.”

विशाखाने बटण दाबलं.

पडद्यावर खळं आलं आणि दाजी चालू लागले. आधी हॉल हसला. चाल सगळ्यांच्या ओळखीची होती. ते हसू तिने मोजूनमापून होऊ दिलं, कारण पुढे काय ऐकू येणार ते तिला माहीत होतं. तिने आवाज वाढवला.

“मामा, परत एकदा. जरा भराभर.”

“पाय दुखता रे. पण तुका होया तर चलतंय.”

हसू विझलं. परीक्षित पडद्याकडे बघत, माईक तोंडाशी धरूनच घाम पुसू लागला. मामांना ही माझी मानवंदनाच होती, असं काहीतरी तो पुटपुटला. विशाखाने कन्सोलवरचा माईक उचलला.

“हे माझे वडील आहेत,” ती म्हणाली. “तिथे तळं नव्हतं.”

मंडळाच्या अध्यक्ष अरुणाताईंनी कार्यक्रम तिथेच आटोपला. सत्काराची शाल टेबलावरच राहिली. विशाखाला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या कंपनीला मी कळवणार आहे. कळवा, असं विशाखा म्हणाली.

खरी भीती घरी होती. दाजींना तिने काहीच विचारलं नव्हतं. ते जेवायला बसले होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, त्यांचा चेहरा न बघता. ते रागावतील, झालं गेलं विसरायचं होतं म्हणतील, असं तिला वाटत होतं.

दाजींनी हातातला घास खाली ठेवला.

“त्याचा तोंड कसा झाला?”

तिने सांगितलं.

“परत सांग.”

तिने परत सांगितलं. घाम, माईक, शाल. दाजी एकेक गोष्ट खोदून विचारत होते, कोण कुठे बसलं होतं इथपर्यंत. त्यांच्या डोळ्यांत असं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, हा राग आपण एकटीच बाळगतोय.

“तुझी आते गेली तेव्हा मी दिवसांका गेलंय नाय,” ते म्हणाले. “रजा मिळाक नाय, असा सांगितलंय. रजा होती. सगळो गाव माका चालताना बघतलो, म्हणान गेलंय नाय.”

विशाखा त्यांच्याजवळ खाली बसली. तिचा फोन वाजायला लागला. नंबर भारताचा होता, आणि मंडळाकडून तिचा नंबर घेऊन परीक्षितच करतोय, हे दोघांनाही कळलं. दाजींनी फोन आपल्याकडे ओढला. उचलला नाही, बंदही केला नाही. वाजून वाजून तो थांबेपर्यंत ते ऐकत राहिले. मग त्यांनी आमटी मागितली.