नसलेल्या जाळीचा घसारा

चौतिसाव्या वर्षी मेंटेनन्स इंजिनिअरची चांगली बारा वर्षांची नोकरी सोडून ताई अकाउंटन्सीच्या वर्गात जाऊन बसली, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाली, "पाने-पकडी टाकून कॅल्क्युलेटर? ही कसली उलटी गंगा!" धाकटा भाऊ तर तिला दिवाणजीच म्हणायला लागला. सगळ्यांचा समज एकच, की बाई तेल-ग्रीसला विटली, आता तिला पंख्याखाली बसून काम हवंय. विटली? छे! रागाने पेटली होती ती. आणि तो राग तीन वर्षांत जराही निवला नव्हता.

झालं होतं असं. कारखान्यातल्या सात नंबरच्या प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनमध्ये, फिटरमामांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. प्रेसला संरक्षक जाळी नव्हती. ताईने ती चारदा मागितली होती आणि चारही वेळा साहेबांनी "बघू" म्हणून तिची बोळवण केली होती. सहा महिन्यांनी चौकशी बसली, तेव्हा कारखान्याच्या हिशेबनिसाने रजिस्टरचं पान पुढे केलं. जाळी अपघाताच्या तीन आठवडे आधीच खरेदी केलेली! म्हणजे जाळी होती, मामांनीच ती काढून ठेवली असणार. ताई घसा फोडून सांगत होती, "अहो, जाळी बसवायला मशीनच्या चौकटीला चार भोकं पाडावी लागतात. एक तरी भोक दाखवा मला!"

हिशेबनीस शांतपणे म्हणाला, "भोकांचं राहू द्या, मॅडम. तुमच्याकडे कागद आहे का?"

कागद नव्हता. मागण्या सगळ्या तोंडी. मामांची नुकसानभरपाई बुडाली, ताईवर निष्काळजीपणाचा ठपका आला. त्याच आठवड्यात तिने राजीनामा टेबलावर फेकला. ज्या भाषेत आपलं तोंड बंद केलं ती भाषाच शिकायची, असं तिने ठरवलं आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

आता ती एका लहानशा अकाउंटंट फर्ममध्ये कामाला होती, आणि योगायोग बघा, तोच कारखाना विकायला निघाला. घेणाऱ्याने तिच्या सरांना काम दिलं: यादीतली मशीनं खरंच जागेवर आहेत का ते बघून या.

"सर, मी तिथे होते. भांडून निघालेय," तिने आधीच सांगून टाकलं.

"उत्तम. मशीन ओळखणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे? फक्त डोकं थंड ठेव."

डोकं गेटवरच तापलं. गेटचा दांडा वर करायला मामाच उभे होते. दया म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं. उजवा हात खिशात, डाव्या हाताने गाड्यांचे नंबर लिहायचे. ताईला बघून म्हातारा ओशाळला.

"ताई, माझ्यापायी तुमची नोकरी गेली. चुकलंच माझं."

"तुमचं काय चुकलं?"

"जाळी काढायला नको होती मी. कामाच्या घाईत काढली असणार."

"मामा, नव्हती हो जाळी! तुम्हीच मला म्हणायचात ना, ताई, या राक्षसाला जाळी आणा म्हणून?"

"म्हणायचो का?" मामा कपाळावर आठ्या घालून म्हणाले. "असेल. पण कागदावर आहे म्हणतात. सगळे म्हणतात. बायकोही म्हणते. मला तर आता आठवतेसुद्धा. पिवळी होती बघा."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं घेतली ती घेतली, वर माणसाची आठवणसुद्धा घेतली या लोकांनी! ती तडक ऑफिसकडे निघाली. थांबली असती तर किंचाळलीच असती.

हिशेबनिसाला कामगार फूटपट्टी म्हणत. प्रत्येक बेरजेखाली पट्टी लावून दोन रेघा मारायचा आणि एका पैचा फरक निघाला तर जेवायलाही उठायचा नाही. त्याने ताईला खुर्ची दिली, चहा मागवला, गालातल्या गालात हसला. "शेवटी आमच्यातच आलात म्हणायचं!"

"यादी द्या," ताई म्हणाली. चहाला तिने हात लावला नाही.

अठ्ठेचाळीस वस्तू होत्या. शेडमध्ये फिरून तिने एकेक मशीन बघितलं, नंबर जुळवला, खूण केली. सात नंबरच्या प्रेससमोर एक तरुण बाई पत्रा सरकवत होती. उघड्या प्रेसमध्ये, उघड्या हाताने. मशीनची चौकट अजून कोरी होती, भोकाचं नाव नाही. आणि यादीत एकतिसावी ओळ: संरक्षक जाळी, प्रेस क्रमांक सात. किंमत चाळीस हजार. खरेदी, वर्षाचा पहिला महिना. आजची शिल्लक किंमत पंचवीस हजार.

म्हणजे जी जाळी कधी आलीच नाही, ती तीन वर्षं पद्धतशीर झिजत होती. मशीन झिजतं तशी त्याची वहीतली किंमत दरवर्षी थोडी कमी करायची, त्याला घसारा म्हणतात. बेअरिंगचा घसारा ताईने हाताने चाचपून बघितलेला होता. हा असला घसारा बघून तिला हसू यावं की शिवी यावी, कळेना.

शिवीच आली. ती गिळून तिने सवयीने आकडे ताडले, आणि पेन थांबलं.

दरवर्षी सहा हजार. चाळीसातून तीनदा सहा गेले तर बावीस उरायला हवेत. इथे पंचवीस! ऑफिसात जाऊन तिने रजिस्टर उघडलं. पहिल्या वर्षी तीनच हजार घसारा लावलेला. निम्मा. आणि निम्मा कधी लावतात, हे तिला वर्गातल्या दुसऱ्याच महिन्यात शिकवलं होतं: वस्तू वर्षाच्या उत्तरार्धात आली तर. मामांची बोटं तर त्या वर्षाच्या दुसऱ्याच महिन्यात गेली होती.

तिने रजिस्टर फूटपट्टीच्या पुढ्यात आपटलं. "तारीख पहिल्या महिन्याची आणि घसारा निम्मा?"

फूटपट्टीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बिल कधीचं आहे?"

"सातव्या महिन्याचं," तो अखेर पुटपुटला. "चौकशी लागली तेव्हा साहेबांनी आणलं. रजिस्टरमध्ये तारीख मागची टाक म्हणाले. टाकली. पण वर्षअखेरीला बिल समोर होतं. त्यावर पूर्ण घसारा लावायचा म्हणजे हिशेब खोटा झाला असता. ते माझ्याच्याने होईना."

"होईना?" ताईचा आवाज बाहेरच्या मशीनच्या वर गेला. "माणसाला खोटं पाडताना हात थरथरला नाही, आणि तीन हजारांसाठी थरथरला? लाज वाटते का हो तुम्हाला?"

त्याच्या हातात पट्टी अजून होतीच.

तिने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "'वस्तू आढळली नाही' एवढं लिही आणि ये. पंचवीस हजारांची किरकोळ बाब आहे. आणि हे बघ, तिथला कागद बाहेर गेला, तर नोकरी जाईलच, पण या व्यवसायात तुला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

किरकोळ! ताईने फोन ठेवला. रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला, फाइलमधल्या बिलाचाही काढला. फूटपट्टी बघत होता, पण नाही म्हणाला नाही. मग तिने कोऱ्या कागदावर सगळं साध्या शब्दांत उतरवलं, तारखांसकट, आणि खाली सही केली. एक करिअर या जाळीपायी गेलंच होतं. दुसरंही गेलं तर गेलं. जाताना तिने सात नंबरचं लाल बटण दाबून प्रेस बंद केली. "जाळी बसल्याशिवाय सुरू करायची नाही," ती त्या तरुण बाईला म्हणाली. कुणाच्या अधिकाराने, ते कुणी विचारलं नाही.

गेटवर तिने मामांना कागद दिला. "हा घेऊन पुन्हा चौकशी मागायची. मी साक्षीला येते."

"चष्मा नाही माझ्याकडे. तुम्ही वाचा."

तिने वाचलं. निम्म्या घसाऱ्याचं समजावून सांगितलं. मामा गेटवरच्या पाटीला टेकून ऐकत होते.

"म्हणजे जाळी नव्हतीच?"

"नव्हती."

"पिवळीसुद्धा नाही?"

"कुठलीच नाही, मामा."

मामांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला, तीन वर्षांत पहिल्यांदाच बघावा तसा बघितला. मान ताठ झाली. "मग तीन वर्षं मी माफी कुणाची मागतोय?"

मागे साहेबांची गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला. मग लांबलचक वाजला. साहेबांनी काच खाली करून आवाज दिला, "अरे, झोपलास का? दांडा वर कर!"

मामा जागचे हलले नाहीत.

"वाजवू दे त्याला," ते म्हणाले. "तुम्ही वाचा, ताई. पहिल्यापासून."