सत्तावीस नंबरची हजेरी

माझं तोंड फाटकं आहे हे आमच्या ब तुकडीत सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा सोडून चोपन्न वर्षं झाली, तरी कुणाला काही बोचलं की पहिला संशय माझ्यावर येतो, आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो. म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसरी कुणी सांगेल ती मला सांभाळून घेऊन सांगेल, आणि ते काही माझ्याच्यानं ऐकवणार नाही.

आम्ही वर्गात एक्केचाळीस मुली होतो. हे घडलं तेव्हा फोनवरच्या ग्रुपात नऊ जणी उरलो होतो. ग्रुप चालवते मॉनिटर. वर्गातही तीच मॉनिटर होती. पुढे तिनं पोस्टात नोकरी केली, मुलांची लग्नं केली, दोन्ही गुडघे बदलून घेतले, पण मॉनिटरपण काही सुटलं नाही. सगळ्यांचे हजेरीनंबर तिला पाठ आहेत, आणि ती कुणालाही हाक मारते ती नंबरानंच. मी सव्वीस. माझ्या पुढची सत्तावीस, म्हणजे टाचणी.

टाचणी शाळेत इतकी बारीक होती की ती असली की तिघींच्या बाकावर चौघी मावायच्या. पुढे ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली आणि तेहेतीस वर्षं लोकांना सुया टोचत राहिली, तेव्हा नाव काही वाया गेलं नाही. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "माणसांचे रिपोर्ट आधी वाचायची सवय लागली गं, मग कोण पसंत पडणार?" तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. जवळचा म्हणावा असा एक भाचा, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला.

आमची पेटी गेली तेव्हा हजेरीचं सुरू झालं. पेटी म्हणजे आमच्यातली गाणारी. तीही एकटी राहायची. ती गेली हे दोन दिवस कुणालाच कळलं नाही. त्या दोन दिवसांत आम्ही ग्रुपात फुलांचे फोटो टाकत होतो आणि बद्धकोष्ठावर उपाय सांगत होतो. मॉनिटरला ते फार लागलं. तिनं नियम काढला: रोज सकाळी नऊच्या आत प्रत्येकीनं आपला नंबर ग्रुपात टाकायचा. नुसता आकडा, म्हणजे हजर. नऊपर्यंत आकडा आला नाही तर जोडीदारणीनं फोन करायचा, फोन उचलला नाही तर उठून घरी जायचं. जोड्या लागून असलेल्या नंबरांच्या. माझी जोडी टाचणीशी पडली, आणि आमच्या घरांत तर वीस मिनिटांची वाट होती.

टाचणीला हे मुळीच रुचलं नाही. "मी काय जामिनावर सुटलेय," म्हणाली, "रोज चौकीत जाऊन सही करायला?" निवृत्त झाल्यापासून ती दहापर्यंत झोपायची. पहिल्याच आठवड्यात दोनदा तिचा आकडा चुकला, तर मॉनिटरनं तिच्यासह भाच्यालाही फोन करून उठवलं. तिसऱ्या दिवशी टाचणीनं मला सांगितलं, "तू पाचला उठून भुतासारखी बसतेसच. माझी पण लावून टाक."

मी म्हटलं, लावते. यात नवीन काही नव्हतं. शाळेत पहिल्या तासाला ही बया पाण्याच्या टाकीमागे कादंबरी वाचत बसायची, आणि मी सव्वीसला एकदा माझ्या आवाजात आणि सत्तावीसला एकदा नाकातून "हजर" म्हणायचे. बाईंना ऐकू कमी यायचं, किंवा त्या मनानं चांगल्या होत्या. वर्षभरात एकदाही पकडलं नाही.

तेव्हा रोज सकाळी साडेपाचला मी लिहायला लागले, "२६. २७ पण. आत्ताच बोलले तिच्याशी." मॉनिटर खाली अंगठा टाकायची. बोललेली नसायचेच, ती तेव्हा घोरत असायची. पण अकराच्या सुमाराला तिचा फोन यायचा. मी घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं काम करते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोटाचं अस्तर घालायचं. फोन मशीनवर ठेवून मी टीप मारत असायचे आणि ती तिकडून बडबडत असायची. मी मनाशी हिशेब केला होता की खरी हजेरी अकराची, सकाळची ती मॉनिटरच्या समाधानापुरती. असं जवळजवळ वर्ष गेलं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मग पेटीचं वर्षश्राद्ध म्हणा किंवा काही म्हणा, तो दिवस आला. सोमवार होता. आमच्यात गेलेल्या मैत्रिणीच्या दिवशी मॉनिटर तिचा नंबर टाकते आणि खाली प्रत्येकीनं एक आठवण लिहायची असते. बत्तीस जणी गेल्या असल्या की महिन्यात दोन-तीन दिवस असे येतातच. आठवणी मात्र तेवढ्या उरलेल्या नाहीत. त्याच त्या फिरून येतात, आणि मग कुणीतरी कुणाचीतरी दुरुस्त करत बसतं.

मी लिहिलं, की स्नेहसंमेलनात पेटी शेवटच्या कडव्यात शब्द विसरली, आणि मी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवून तिची अब्रू राखली. मला ही आठवण फार आवडायची. माझ्या हातून घडलेल्या चार चांगल्या गोष्टींत मी ती धरत होते.

खाली टाचणीनं लिहिलं, "ती विसरली नव्हती. श्वास घ्यायला थांबली होती. तू मध्येच टाळ्या वाजवल्यास म्हणून तिचं शेवटचं कडवं राहिलं. नंतर टाकीमागे येऊन रडली. मला म्हणाली, तिला सांगू नकोस."

सगळ्यांच्या देखत. चोपन्न वर्षं पोटात ठेवलेलं, आणि काढलं ते चारचौघींत. मी ते दहादा वाचलं. माझा नुसता जळफळाट झाला. खरं असेल असं वाटलं म्हणूनच झाला. मी टाचणीला काही लिहिलं नाही, फोन केला नाही, अबोला धरला.

मंगळवारी अकराला तिचा फोन आला नाही. म्हटलं, वा, चूक हिची आणि फुगून बसलीय हीच. मीही काही कमी नाही. बुधवारीही फोन नाही. गुरुवारी मी एकदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. म्हटलं, या वेळी मेलीनं आधी करावा. हाच शब्द मनात आला होता. आम्ही बायका तो दिवसातून दहा वेळा वापरतो, त्यात काही नसतं.

हजेरी मात्र मी लावत होते. भांडण आपल्या जागी, हजेरी आपल्या जागी. लावली नसती तर मॉनिटरनं खोदून विचारलं असतं, आणि मग आमचं बिनसलंय हे सगळ्यांना कळलं असतं. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, रोज साडेपाचला लिहिलं. आत्ताच बोलले तिच्याशी.

शुक्रवारी दुपारी मॉनिटरचा फोन आला. मी एका कोटाचं अस्तर उसवत होते.

"सत्तावीस दवाखान्यात आहे," ती म्हणाली. "मंगळवारपासून घरात पडलेली होती. शेजारीण आज गावाहून आली, तिला दारात चार दिवसांचे पेपर दिसले. दार फोडावं लागलं."

मी कात्री खाली ठेवली.

"सव्वीस, तू आज सकाळी लिहिलंस, बोलले म्हणून."

"हो."

"बोलली होतीस?"

"नाही."

"काल?"

"नाही गं. सोमवारपासून नाही."

 मॉनिटर ओरडेल याची मी वाट पाहत होते. तिनं फोन ठेवला. ग्रुपात तिनं फक्त एवढंच टाकलं की २७ दवाखान्यात आहे. खाली सगळ्यांनी हात जोडले. शनिवारी सकाळी मी नुसतं "२६" लिहिलं, तर एकीनं भाबडेपणानं विचारलं, "आणि आज २७ शी बोलणं झालं का?"

भेटायची वेळ चार ते सहा होती. मी त्याच दिवशी पावणेचारला जाऊन जिन्यात बसले. एकच गोष्ट हवी होती मला: तिनं म्हणावं, जाऊ दे गं. ती हे नेहमी म्हणायची. शाळेत मी तिचा कंपास हरवला तेव्हा म्हणाली होती, तिच्या आईच्या आजारपणात मी एकदाही गेले नाही तेव्हाही म्हणाली होती. तेवढे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले असते तर मी घरी जाऊन जेवले असते.

भाचा दारातच भेटला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की इतके दिवस एका कुशीवर पडून राहिल्यानं अंग आतून खराब झालं, आणि मूत्रपिंडं बसली. "मंगळवारी, निदान बुधवारी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, मावशी," तो म्हणाला. तो मला मावशी म्हणतो. त्याला काहीच माहीत नव्हतं.

ती खिडकीच्या कडेच्या खाटेवर होती. चेहरा सुजला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला भरलेली पाहिली. हातात स्वतःच्या तपासणीचा कागद होता, तो तिनं उशाखाली सारला.

"बस," ती म्हणाली.

मी स्टुलावर बसले. वाटेत जुळवलेलं सगळं विसरले आणि विचारलं, "हाका नाही का मारल्यास?"

"मारल्या. ऐकायला कोण होतं मजल्यावर?" तिचा आवाज कोरडा होता. "सातला न्हाणीच्या दारात पडले. फोन आत, उशाशी. पण मी घाबरले नाही बरं का. म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे. नऊ वाजतील, माझा आकडा दिसणार नाही, मॉनिटर बोंबलायला लागेल. समोरच्या दुकानाचं शटर बरोबर नऊला उघडतं. ते ऐकलं आणि फोन वाजायची वाट बघत राहिले."

 मी तिला पाणी पुढे केलं, तिनं नको म्हणून मान हलवली.

"मग आठवलं," ती म्हणाली. "माझी हजेरी लागली असणार."

"गप्प बस ना गं."

"ऐक. मग म्हटलं, ठीक आहे, अकराला मी फोन केला नाही तर ही करेल. पहिल्या दिवशी तसं म्हटलं, दुसऱ्या दिवशीही म्हटलं. पुसायचं ओलं फडकं हाताला लागलं होतं, ते पिळून तोंडात धरत होते. त्यानंतरचं फारसं आठवत नाही."

"मला वाटलं तू रागावलीस."

"रागावले नव्हते. मला वाईट वाटत होतं. मंगळवारी उठून तुला फोनच करणार होते, की तसं लिहायला नको होतं."

मी रडायला लागले. रडून काही उपयोग नसतो हे मला कळतं, पण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं. एकदा म्हण ना, जाऊ दे."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. लॅबमध्ये ती लोकांकडे असंच बघत असेल, नीट आणि पूर्ण.

"आत्ता आलाय मला राग," ती म्हणाली. "तेव्हा नव्हता, आता आहे. माझा राग किती दिवस टिकतो?"

"आठ दिवस."

"आजवर कधी त्याच्या आत गेलाय?"

"नाही."

"मग खोटं कशाला म्हणू? पुढच्या शनिवारी ये. तेव्हा म्हणेन."

मी उठले. जाताना मला तेवढ्यातही बरं वाटलं होतं, की आठ दिवसांचीच तर गोष्ट आहे. दारापाशी वळून पाहिलं तर तिनं तो कागद परत बाहेर काढला होता आणि आकड्यांवरून बोट फिरवत होती. तेहेतीस वर्षं तिनं तेच आकडे वाचले होते. आपल्याकडे किती दिवस आहेत ते तिला त्या डॉक्टरांच्या आधी कळलं असणार. जिना उतरताना ते माझ्या लक्षात आलं, आणि परत वर जायचा धीर झाला नाही.

मी रविवारी गेले नाही. सोमवारी, मंगळवारीही गेले नाही. तिनं सांगितलेलं या वेळी तरी पाळायचं होतं. ती गुरुवारी गेली. मॉनिटरनं फोन केला, किती वाजता नेणार तेही सांगितलं. मी घरी बसून राहिले. सगळ्यांनी समजून घेतलं, इतक्या वर्षांची मैत्रीण, हिला बघवणार नाही. नंतर भाच्यानं मुद्दाम फोन करून विचारलं, "मावशी, तुम्ही जेवलात ना?"

शनिवारी चार वाजता मी दवाखान्यात गेले. खिडकीकडच्या खाटेवर दुसरी बाई झोपली होती. स्टूल तिथंच होतं, मी त्यावर बसले. थोड्या वेळानं नर्स आली आणि तिनं मला ओळखलं.

"आजी, त्या तर परवा गेल्या. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

"कळवलं," मी म्हटलं. "पण तिनं मला आजचं बोलावलं होतं."

नर्सनं खाटेवरच्या बाईची बाटली बदलली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि भेटायची वेळ सहापर्यंत आहे असं सांगून ती पुढच्या खाटेकडे गेली. मी सहापर्यंत बसले.