मुक्यांसाठी चिठ्ठी

निवडणुकीच्या आदल्या दुपारी हार्लन मामा आमच्या कारखान्यात आला आणि बाबांसमोरच्या उलट्या पिंपावर एक कोरी चिठ्ठी ठेवून म्हणाला, "दाजी, यावर फक्त नाव लिहायचं. तोंड उघडायचं कामच नाही."

बाबांच्या घशात उन्हाळ्यापासून गाठ होती. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की तोंडाजवळ कान नेल्याशिवाय शब्द कळत नसे. पिंपांच्या फळ्या तासणं, कड्या ठोकणं त्यांनी सोडलं नव्हतं. गडीमाणसांना काही सांगायचं झालं तर खडूनं पिंपाच्या झाकणावर लिहीत.

केंटकीत मत तोंडानं द्यायचं असतं. कचेरीच्या ओसरीवर टेबल मांडतात. मतदार नाव सांगतो, शेरीफ ते साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं पुकारतो, कारकून लिहून घेतो. चिठ्ठीची मुभा फक्त मुक्यांना. मामा स्वतः शेरीफ होता आणि ते कलम त्यानंच शोधून काढलं होतं.

"स्ट्रोदरसाहेबांशी बोललोय मी," तो म्हणाला. "टेबलावर तेच बसणार आहेत. चिठ्ठी घडी करून द्यायची. आत गावाच्या आवडत्या बेलचं नाव असो की सैतानाचं, चौकाला कळणार नाही."

बाबांनी झाकणावर लिहिलं : मी मुका नाही.

"नाही कसे? परवा जेवताना तुम्ही मीठ मागितलंत, तर माझ्या बायकोनं लोणी, पाव, मिरपूड, सगळं पुढं केलं. मीठ सोडून."

बाबा हसले. हसण्यालाही आवाज उरला नव्हता. नुसते खांदे हलले. मग त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि जे सांगितलं ते मी मामाला सांगितलं.

"ते म्हणतात, डॉर्सीला नेलं तेव्हा मी मुका होतो. घसा ठणठणीत असून."



डॉर्सी आमच्याकडे मी लहान असल्यापासून पिंपं बांधत होता. तो गुलाम होता, नदीकाठच्या एका विधवेच्या मालकीचा. दर एक जानेवारीला बाबा त्याचं वर्षाचं भाडं तिच्या हातात ठेवत आणि त्याला पुन्हा घेऊन येत. माणूस विकत घ्यायचा नाही, हे बाबांचं तत्त्व होतं. भाड्यानं घेताना ते तत्त्व आड आलं नव्हतं. गेल्या एक जानेवारीला ते भाडं घेऊन निघाले, तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांवर डॉर्सीचाच लिलाव चालला होता. विधवेवर देणं झालं होतं. न्यू ऑर्लीन्सचा दलाल बोली वाढवत होता. बाबा गर्दीत उभे राहिले. बोली लावली असती तर तत्त्व मोडलं असतं, आणि 'थांबवा' म्हटलं असतं तर गाव हसलं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. डॉर्सीची बायको केझाया हॉटेलच्या दारात ॲप्रनला हात पुसत उभी होती. लिलाव पुकारत होता मामा. शेरीफचं कामच ते.

"कायदा होता तो, दाजी," मामा शेवटी म्हणाला. "आणि उद्या तुम्ही लिंकनचं नाव घेतलंत तर कायद्यानं तुम्हाला कुणी हात लावणार नाही. पण पिंपं कोण घेईल? व्हिस्कीचे भट्टीवाले सगळे दक्षिणेच्या बाजूचे. आणि हिचं काय? टॅबीचं?"

"माझं मी बघेन, मामा."

"तू काय बघणार? तुझी ती वाचायची पुस्तकं? गुलामी मोडा म्हणणाऱ्या नदीकाठच्या त्या मास्तराचं घर पेटवलं, तेव्हा आधी पुस्तकांनीच पेट घेतला, बाई."

जाताना चिठ्ठी तो तिथंच ठेवून गेला. बाबांनी तिच्यावर खडूचा डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना चौकात नेताना मी त्यांचा दंड धरला होता. मतदानाला बायका येत नाहीत. आजारी बापाला धरून आलेय म्हणून कुणी अडवलं नाही. चौकात व्हिस्कीचं पिंप फोडलेलं होतं. आमचंच पिंप. दर मताला आरोळी उठत होती. बेल, ब्रेकिनरिज, बेल, डग्लस. मामा पायरीच्या वरच्या टोकाला उभा राहून नावं पुकारत होता. त्याचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता. त्या पायऱ्यांवर तो मी आधीही ऐकला होता.

"जोथम प्रूइट," स्ट्रोदरसाहेब म्हणाले. "राष्ट्राध्यक्षपदासाठी मत कुणाला?"

बाबांनी माझा हात सोडला, टेबलाला धरलं आणि नाव घेतलं. मला ते ऐकू आलं. मामा त्यांच्या दुसऱ्या बाजूला, माझ्याइतकाच जवळ होता.

"ऐकू आलं नाही," स्ट्रोदरसाहेब म्हणाले.

बाबांनी पुन्हा सांगितलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"मोठ्यानं बोल, प्रूइट," मागून एक जण म्हणाला. "का लाज वाटते?"

"अरे, त्याचं पिंप गळतंय," दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

स्ट्रोदरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद पुढं सरकवला, वर पेन्सिल ठेवली. "लिहून द्या. कायद्यात आहे. तुमच्यासारख्यांसाठीच आहे."

बाबांनी कागद एका बोटानं परत सरकवला.

"मग मत बाद धरावं लागेल."

मी म्हणाले, "मी ऐकलंय. ते लिंकन म्हणाले."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. नंतर मला पुष्कळांनी विचारलं की भीती वाटली का. वाटली.

"बाईच्या तोंडचं मत धरता येत नाही," मागचा तो म्हणाला. "उद्या केझायाला आणाल मत द्यायला."

"तो म्हणतो ते बरोबर आहे, मिस प्रूइट," स्ट्रोदरसाहेब म्हणाले. "कायदा तसा आहे." मग ते मामाकडे वळले. "हार्लन, तू जवळ होतास. तू शपथेवर आहेस. तुला ऐकू आलं?"

मामानं आधी माझ्याकडे पाहिलं. तो मला डोळ्यांनी सांगत होता, की 'नाही' म्हणू दे. तुम्ही दोघं घरी जाल, पिंपं विकाल, दाजी त्यांच्या बिछान्यात मरतील. मग त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलाला धरून त्याच्याकडे बघत वाट पाहत होते. त्यात विनवणी नव्हती. कामावरच्या माणसाकडे बघावं तसे ते बघत होते.

"आलं," मामा म्हणाला.

"मग पुकार."

मामा पायरीच्या टोकाशी गेला, चौकाकडे तोंड केलं आणि नेहमीच्याच आवाजात, न वाढवता, न कमी करता पुकारलं, "जोथम प्रूइट! लिंकन!"

आरोळी उठली नाही. कारकुनाच्या टाकाची कुरकुर तेवढी ऐकू आली. आम्ही उतरलो तशी माणसं बाजूला झाली, गरजेपेक्षा जास्त. एक जण बाबांच्या पायाजवळ थुंकला. बाबांनी तो पाय उचलून पलीकडे टाकला आणि चालत राहिले. मामा मागून आला नाही. त्याच्यापुढं अजून मतदार होते.

भट्टीवाल्याची गाडी दुसऱ्या सकाळी आली. गाडीवानानं त्या महिन्यात नेलेली नवी पिंपं आमच्या अंगणात उतरवली आणि टोपी न काढता म्हणाला, "मालक म्हणाले, लागत नाहीत." बाबांनी एकेक पिंप ठोकून पाहिलं. सगळी चांगली होती.

जूनच्या अखेरीस बाबा गेले. तोवर दक्षिणेत उत्तर-दक्षिण युद्धाचा गोळीबार सुरू होऊन गेला होता आणि आमचा परगणा दोन्हीकडे माणसं पाठवत होता. चर्चमधून कुणी आलं नाही. कारखान्यातली गडीमाणसं हिवाळ्यातच सोडून गेली होती. पेटी उचलायला मामा आला, ओहायो नदी ओलांडून बाबांचा म्हातारा भाऊ आला, आणि तिसरा माणूस म्हणून कबर खणणारा. पुढचा एक कोपरा मी धरला. बाईनं खांदा देऊ नये असं म्हणायला तिथं कुणी नव्हतं.

कबरीवर माती पडल्यावर मामानं कोटाची मातीनं भरलेली बाही झटकली. शेरीफकी त्याची नाताळाआधीच गेली होती.

"उद्या मी टेनेसीला चाललोय," तो म्हणाला.

"लढायला?"

"हो."

"त्यांच्या, दक्षिणेच्या बाजूनं."

"आपल्या बाजूनं," तो म्हणाला. मग हॅट हातात फिरवत, "त्या दिवशी मी खोटं बोललो असतो, टॅबी. तोंडाशी आलं होतं. ते माझ्याकडे तसे बघत नसते, तर बोललो असतो."

"ठाऊक आहे."

"दाजी असते तर आज काय म्हणाले असते?"

"मला जवळ बोलावलं असतं," मी म्हणाले. "आणि ते मला तुला सांगावं लागलं असतं."

तो उभा राहिला, मी सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. मग त्यानं हॅट चढवली आणि उतारानं घोड्याकडे गेला. मी फावडं घेऊन राहिलेली माती ओढायला लागले.